सहाणेवरचं शिंग

सासूबाईंनी नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या घरात पाऊल टाकलं ते तोंड फुगवूनच. नातवाला उचलायच्याही आधी त्यांनी माझ्याकडे स्वतःच्या मुलाची तक्रार केली. त्यांना आणायला माझा नवरा कराडला गेला होता, आणि निघायच्या दिवशी त्याने त्यांच्या बॅगेतून गुटीची पिशवी काढून एकेक जिन्नस तपासला होता. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सगळं परत आत गेलं. सांबरशिंगाचा तुकडा तेवढा त्याने उचलून फडताळात टाकला आणि वर कुलूप लावलं.

हा तुकडा म्हणजे त्या घरातली मोठी चीज होती. सासूबाईंच्या सासऱ्यांना कोयनेच्या रानात कधीतरी पडलेलं सापडलेलं शिंग. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पोराला ते सहाणेवर उगाळून चाटवलेलं, छाती भरली की त्याचाच कोमट लेप लावलेला. उगाळून उगाळून अंगठ्याएवढं उरलं होतं. नवऱ्याने त्यांना समजावलं होतं की असलं काही विमानातून नेता येत नाही, कुठल्याही देशात पकडतील, आणि खरं तर आपल्याकडेसुद्धा ते घरात ठेवणं गुन्हा आहे. सासूबाई म्हणाल्या, "त्याच गुन्ह्यावर तू वाढलास."

मला हसू आलं होतं. आमचं लव्ह मॅरेज, मी पुण्याची, शिकलेली, चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करणारी. मला त्या शिंगाचं काय कौतुक असणार? मला फक्त एवढं दिसत होतं की माझी सुट्टी संपलीय, पाळणाघरात जागा जानेवारीत मिळणार आहे आणि सात महिन्यांचं पोर सांभाळायला घरचं माणूस आलंय. तीन महिन्यांचा व्हिसा म्हणजे अगदी देवासारखा वाटत होता. बाकी रुसवेफुगवे मी कानाआड करत होते.

आमचं घर वस्तीच्या अगदी टोकाला होतं. मागे छोटी बाग, मग झुडपांचं कुंपण, कुंपणापलीकडे सायकलची वाट, वाटेला लागून पाण्याचा चर आणि चराच्या पलीकडे लगेच झाडी. आम्ही दोघं सकाळी आठला निघून जायचो. दिवसभर त्या घरात सासूबाई आणि बाळ. गल्लीत चिटपाखरू नसायचं. समोरच्या घरांच्या मोठमोठ्या काचा, पडदे उघडे, आत सोफे, दिवे, कुंड्या सगळं जागच्या जागी, आणि माणूस एकही नाही. त्यांनी एकदा मला विचारलं, की इथे माणसं राहतात की नुसती घरं राहतात. मी म्हटलं, सगळे कामाला जातात हो आई. त्या म्हणाल्या, मग दिवे कुणासाठी लावून जातात?

ऑक्टोबरपासून बाळाचं नाक सारखं वाहायला लागलं. रात्री घरघर. आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, दोनदा जाऊन आलो. इथे मान मोडून गेलं तरी आधी पॅरासिटामॉल देतात, त्याप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितलं आणि वाट बघा म्हणाले. सासूबाईंनी वाट बघितली नाही. त्या रोज सकाळी, दुपारी, मी चहा घेताना, मी चपला काढताना, एकच म्हणायच्या, की ते शिंग असतं तर. शेवटी एकदा मी फटकन बोलले. म्हटलं, नाहीये ना शिंग, मग का उगाच तेच तेच उगाळताय! पण ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

पुढचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर सासूबाईंनीच सांगितलं, आणि जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा एक शब्द न बदलता सांगितलं.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी धुकं इतकं होतं की बाबागाडीच्या पुढचं चाक त्यांना धड दिसत नव्हतं. तरी त्या मागच्या सायकलवाटेने निघाल्या, कारण गाडी हलली तरच बाळ झोपायचं. झोपलंही. पण थोडं पुढे गेल्यावर ते एकदम जागं झालं, पट्ट्यातून पुढे झुकलं आणि चराकडे बघत हात हलवायला लागलं, ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तसे. सासूबाईंनी वाकून पाहिलं. चराच्या काठावर, ओल्या गवतात, एक भेकर आडवं पडलं होतं.

इथल्या त्या हरणांना भेकर म्हणत नाहीत, ती जात वेगळी. पण अंगाने तसंच, मोठ्या शेळीएवढं, आणि आवाजही तसाच कुत्र्यासारखा भुंकल्यागत. घाटातल्या माणसाला ते भेकरच वाटणार. त्याचे डोळे उघडे होते आणि बुबुळांवर दव बसलं होतं. सासूबाईंनी आधी हात जोडले. मग, का कोण जाणे, शिंगाला हात लावला. नुसता लावला, ओढलं नाही. तर ते पिकलेलं फळ देठातून सुटावं तसं सुटून त्यांच्या हातात आलं. रक्ताचा टिपूस नाही. दुसरं शिंग तसंच घट्ट राहिलं. आणि बाळ, त्या सांगायच्या, बाळ तेव्हा खुदकन हसलं.

त्यांनी असं धरलं की ते त्यांना दिलं गेलंय. दुपट्यात गुंडाळलं आणि घरी आल्या.

त्या आठवड्यात मी कामावरून आले की स्वयंपाकघरात केस जळल्यासारखा वास यायचा. मला वाटलं हीटिंगचा बॉयलर बिघडला. घरमालकाला फोन केला, त्याने माणूस पाठवला, त्या माणसाने सगळं उघडून बघितलं, हुंगलं आणि म्हणाला बॉयलर उत्तम आहे, पण तुम्ही म्हणता तसा वास मात्र येतोय. सासूबाई तिथेच बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शिंग सहाणेवर घासलं की असाच वास सुटतो हे मला कुठून ठाऊक असणार? बाळ मात्र छान झोपायला लागलं होतं. मी आपली सगळ्यांना सांगत सुटले, की बघा, आजीच्या हाताला गुण आहे.

मग एका संध्याकाळी जेवताना नवऱ्याने ऑफिसातली गोष्ट काढली. त्याचा एक डच सहकारी सुट्टीच्या दिवशी शिकारीला जायचा. त्या दिवशी कामावर येताना रस्त्यावर त्याच्याच गाडीला हरीण धडकून मेलं, म्हणून त्याला यायला उशीर झाला. नवऱ्याने सहज म्हटलं, मग काय, आज घरी मेजवानी. तर तो माणूस एकदम गंभीर झाला. त्याने समजावलं, की गाडीखाली आलं म्हणून ते आपलं होत नाही. उचलून डिकीत घालायचं नाही, शिंगालासुद्धा हात लावायचा नाही. फोन करायचा, नेमलेला माणूस येतो आणि तोच ते घेऊन जातो. शिकाऱ्याने रीतसर परवान्याने मारलं तरी जागेवरच त्याच्या पायाला नंबरचं सील अडकवायचं, मगच हलवायचं. बिनसिलाचं हरीण गाडीत सापडलं, तर हरीणही गेलं आणि बंदुकीचा परवानाही गेला. नवरा म्हणाला, बघ, ह्या देशात मेलेल्या हरणालासुद्धा कागदपत्रं लागतात, आपल्यासारखीच.

सासूबाईंचा हात ताटावरच थांबला. त्यांनी विचारलं, की समजा कुणी नुसतं शिंग उचललं तर काय करतात. नवरा घास चावत म्हणाला, आत टाकतात, आणि मुलाचा व्हिसा रद्द करून सगळ्या खानदानाला एकाच विमानात बसवून परत पाठवतात. तो हसला. मीही हसले. थट्टा होती हो, पण ती थट्टा आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. सासूबाईंनी उठून भात वाढला आणि त्या रात्री पुढे घास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंग टाकून द्यायचं ठरवलं होतं म्हणे. पण टाकणार कुठे? इथे कचऱ्याचेसुद्धा रंगीत डबे, कोणता कशाचा हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. उगाळणं मात्र थांबवलं. दोन-तीन दिवसांत बाळाची घरघर परत सुरू झाली. शेवटी त्यांना राहवेना. आम्ही घराबाहेर पडलो की घाईघाईने दोन वेढे उगाळायच्या, चाटवायच्या, सहाण धुवायच्या आणि शिंग स्वेटरच्या खिशात घालून दिवसभर अंगावर वागवायच्या. घरात ठेवलं आणि कुणी झडती घेतली तर मुलाच्या नावावर येईल, माझ्या खिशात असलं तर माझ्या नावावर येईल, असा त्यांचा हिशोब.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांत सुरू झाली. दिवेलागणीला त्या स्वयंपाकघराचा पडदा ओढून घ्यायला लागल्या. दोन महिने मी त्यांना सांगत होते की अंधारात बाहेरून सगळं दिसतं, पडदा ओढा, तेव्हा ऐकलं नाही, आता आपणहून. मी कारण विचारलं. म्हणाल्या, मागे कुणीतरी उभं असतं. मी पडदा बाजूला करून पाहिलं. कुंपण होतं, धुकं होतं, वाटेवरचा एक दिवा होता. मी म्हटलं, कुणी नाहीये. त्या म्हणाल्या, "तू बघितलंस की नसतं." माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून मला रागच आला. म्हटलं, आई, आता भुताखेताचं सुरू करू नका, मला उद्या सकाळी मीटिंग आहे.

त्याच आठवड्यातला शुक्रवार होता. मी लवकर आले होते, नवराही. साडेचार वाजले असतील, बाहेर अंधारून आलं होतं. बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं. आणि आतून कुत्रा भुंकला.

अगदी खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की शेजारचा कुत्रा आत कसा शिरला. परत भुंकला, कोरडा, घोगरा, तुटक. सासूबाई आमटी ढवळत होत्या. त्यांच्या हातातला डाव खाली पडला. त्या म्हणाल्या, "भेकर." आणि माझ्या आधी धावल्या.

बाळ पाळण्यात बसलं होतं. चेहरा लाल, डोळे मोठे. ते भुंकत होतं. खोकत होतं असं मी आता म्हणते, तेव्हा ते भुंकत होतं. आणि दोन खोकल्यांच्या मधे श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा आणि गळ्याखालची खळगी आत खेचली जायची. नवऱ्याने हाउसआर्ट्सला फोन लावला, बंद व्हायच्या आत लागला. तिथली असिस्टंट नेहमीसारखे शांतपणे प्रश्न विचारू लागली, ताप किती, कधीपासून. मग म्हणाली, फोन बाळाच्या तोंडाशी धरा. धरला. बाळ भुंकलं. मग ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता घेऊन या. ज्या देशात कुणी कधी 'आत्ता या' म्हणत नाही, तिथे हे ऐकल्यावर मला उभ्या जागी रडू फुटलं.

गाडी मागच्या बाजूला, वाटेच्या तोंडाशी लावलेली होती. मी बाळाला रजईत गुंडाळून निघाले, मागून सासूबाई, साडीवर कोट, पायात मोजे आणि चपला. धुकं दाट होतं. बागेचं फाटक उघडलं आणि बाळ खोकलं. आणि कुंपणापलीकडून, झाडीतून, तसाच्या तसा आवाज आला.

आम्ही तिघंही थांबलो. बाळ परत खोकलं. परत उत्तर आलं, या वेळी जवळून. नवऱ्याच्या हातातून किल्ली पडली आणि तो गवतात चाचपत बसला. मला त्याच्या श्वासाचाही आवाज ऐकू येत होता. बाळाचं रडणं एकदम बंद झालं होतं. त्याने मान वळवली होती आणि ते झाडीकडे कान देऊन ऐकत होतं. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी कोटाखालून पदर ओढून त्याच्या डोक्यावरून घेतला. हळू आवाजात त्या त्याला सांगत होत्या, "ओ देऊ नको रे बाळा. ओ देऊ नको." किल्ली सापडली आणि आम्ही निघालो.

गाडीत त्याचा श्वास जरा सैल झाला. बाहेरच्या गार हवेने होतं असं, हे मला पुढे कळलं. मागच्या सीटवर सासूबाई एक हात बाळाच्या छातीवर आणि एक स्वतःच्या खिशात घालून बसल्या होत्या.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी बाळाला माझ्या मांडीवरच तपासायला घेतलं, आणि तपासता तपासता विचारलं, की त्याने काही गिळलंय का, तोंडात काही घातलंय का, घशात काही अडकलं असण्याची शक्यता आहे का. तसं असेल तर वेगळं करावं लागेल, सरळ हॉस्पिटलला पाठवावं लागेल, म्हणून नीट आठवून सांगा म्हणाल्या. नवरा म्हणाला, नाही. मी म्हटलं, माझ्या माहितीत तरी नाही.

सासूबाईंनी मला विचारलं, काय म्हणतायत त्या. मी सांगितलं. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं. मग स्वेटरच्या खिशातून हात काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर शिंग ठेवलं. वीतभर, गडद तपकिरी, खडबडीत, वर तीन टोकं. त्यातलं एक टोक घासून सपाट झालेलं. तो केस जळल्याचा वास त्या खोलीत पसरला आणि मला माझा बॉयलर आठवला.

नवरा पुटपुटला, "आई, ठेव ते आत." पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"सांग त्यांना. मेलेल्या भेकराचं हे मी उचललं आणि उगाळून याला चाटवलं, आजसुद्धा. कण अडकला असेल तर तो याचाच. मला धरायचं तर धरा म्हणावं, पण आधी याला बघा."

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. मला सासूबाईंचा इतका संताप आला होता की तिथेच दोन शब्द सुनवावेत, आणि त्याच वेळी वाटत होतं की त्यांच्या पायावर डोकं ठेवावं. नवऱ्याने चेहरा हातात धरला होता. सासूबाई ताठ उभ्या होत्या. त्यांना खरंच वाटत होतं की दारापर्यंत पोलीस आले असतील.

डॉक्टरांनी बाळाच्या छातीवर, मानेवर, पाठीवर बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, अडकलेलं काही नाही. स्वरयंत्राशी सूज आली आहे, ह्या दिवसांत लहान मुलांना साध्या विषाणूने येते, आणि हा असाच भुंकल्यासारखा खोकला असतो. त्यांनी औषधाचा एक डोस त्याच्या तोंडात घातला आणि श्वास ठीक होईपर्यंत आम्हाला तिथेच बसवून ठेवलं. शिंग उगाळून पुन्हा देऊ नका, एवढं मात्र त्यांनी खडसावून सांगितलं. हळूहळू ती शिट्टी थांबली. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं. मी सासूबाईंचा हात धरला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आम्ही उठलो तेव्हा डॉक्टरांनी शिंग उचललं, फिरवून बघितलं आणि बुडावरून अंगठा फिरवला. त्या स्वतः खेड्यात वाढल्या होत्या, वडील शेतकरी. म्हणाल्या, हे मेलेल्या हरणाचं वाटत नाही. ह्या दिवसांत जिवंत नरांची शिंगं आपोआप गळतात, एक आधी, दुसरं मागून, बूड असंच खडबडीत असतं. मेलेल्याचं काढायचं तर सहसा करवत लागते. मी सासूबाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या डोळ्यांवर दव होतं." मी तेही डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी शिंग सासूबाईंच्या हातात परत दिलं आणि हात धुतले. घशात काही अडकलंय का एवढं सोडलं तर त्या शिंगाबद्दल त्यांना आमच्याकडून दुसरं काही नको होतं.

नवऱ्याचा जीव मात्र अजून टांगणीला होता. घरी ठेवलं तर बाळगल्याचा गुन्हा, बाहेर नेलं तर वाहतुकीचा, आणि मघाशी डॉक्टरांकडून गाडीतून आणलं तोही झालाच. शेवटी त्याने त्या शिकारी सहकाऱ्याला, एका मित्राची गोष्ट आहे असं म्हणून, विचारलं. सहकारी म्हणाला, मित्राला म्हणावं जिथून उचललं तिथे नेऊन ठेव आणि घरी जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सासूबाई गेलो. बाळ झोळीत माझ्या छातीशी होतं. जागा त्यांना पक्की ठाऊक होती. चराच्या काठाचं गवत एका अंगाच्या आकारात चेपलेलं होतं. बाकी काही नव्हतं. ना केस, ना हाडं, ना ओढून नेल्याची खूण. मी म्हटलं, तो नेमलेला माणूस येऊन घेऊन गेला असेल. सासूबाईंनी शिंग त्या चेपलेल्या गवतात, डोकं असेल त्या बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझं तुला." मग बाळाकडे बघून म्हणाल्या, "आमचं आम्हाला."

त्या संध्याकाळी मी पडदा ओढायला खिडकीशी गेले आणि ते दिसलं. कुंपणाच्या फटीत, दिव्याच्या उजेडात, घराकडे तोंड करून उभं. डोक्यावर एकच शिंग. मी हलले नाही, तेही हललं नाही. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, हेच. रोज हेच. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, की एक शिंग आधी गळतं, दुसरं मागून, डॉक्टर म्हणाल्याच ना, अशी कितीतरी असतील. त्या म्हणाल्या, असतील. मी पडदा ओढला. ते नंतर आम्हाला कधी दिसलं नाही, आणि डिसेंबरात सासूबाई कराडला परत गेल्या.

ती गोष्ट आम्ही मुलासमोर कधीच काढली नाही. तो इथल्या मुलांसारखा वाढला. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये. पाच वर्षांचा झाला तेव्हा दोन चाकांची सायकल चालवायला लागला, आणि शाळेतून आम्ही त्याच मागच्या वाटेने यायचो, तो पुढे, मी मागे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका दुपारी असंच धुकं होतं. आम्ही चराजवळ आलो आणि झाडीतून तो आवाज आला. एकदाच. मुलाने ब्रेक दाबला, एक पाय जमिनीवर टेकला आणि झाडीकडे तोंड करून डचमध्ये ओरडला, "हो, आलोच!"

मी जेवायला हाक मारते तेव्हा तो हेच म्हणतो, ह्याच सुरात. मी सायकल टाकून त्याच्या जॅकेटची टोपी पकडली. विचारलं, कोणाला म्हणालास? तो माझ्याकडे गोंधळून बघत राहिला. त्याला वाटलं होतं मीच बोलावलं. मी नाही बोलावलं, असं म्हटल्यावर त्याने विचारलं, मग कोणी? मी त्याचं हँडल एका हाताने धरून त्याला घरापर्यंत आणलं आणि दार आतून लावलं.

रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याने गमतीत सांगून टाकलं, की तुझं भेकर परत आलंय, परवा ओरडत होतं. त्या आता खूप थकल्या होत्या, ऐकायलाही कमी यायचं. मग म्हणाल्या, फोन हिच्याकडे दे. मी घेतला. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याने ओ दिली का गं?"

डॉक्टरांच्या टेबलापाशी ताठ उभी राहिलेली ती बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. तिला खोटं सांगणं सोपं नव्हतं. पण सातासमुद्रापलीकडे ती काय करणार होती? रात्ररात्र जागली असती. मी म्हटलं, "नाही हो आई. त्याचं लक्षच नव्हतं."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. म्हणाल्या, मग बरं. जरा त्याला दाखव. मी फोन धरून स्वयंपाकघरात गेले. तो स्टुलावर चढून खिडकीशी उभा होता, नाक काचेला लावून. बाहेर अंधारून आलं होतं. सासूबाईंनी हाक मारली, बाळा. त्याने वळून पाहिलं नाही. त्यांनी परत मारली, मोठ्याने, अरे बाळा, आजी आहे, ओ दे की. फोनमधून त्यांचा आवाज त्या खोलीत भरून राहिला, त्या हाका मारतच राहिल्या, आणि तो कुंपणाकडे कान देऊन तसाच उभा राहिला. मी पुढे जाऊन पडदा ओढला.